अद्वैत, आत्मशोध आणि हिंसेचे प्रत्युत्तर : छत्तीसगडातील दोन मराठीभाषी हिंदी लेखक

१. भूमिका

रायपूर ते राजनांदगाव हे अंतर सुमारे ७० किलोमीटरचे आहे. हावडा–मुंबई लोहमार्गावर या दोन शहरांच्या मध्ये भिलाई आणि दुर्ग ही स्थानके येतात. या छोट्याशा पट्ट्यात विसाव्या शतकातील हिंदी साहित्याच्या इतिहासातील दोन महत्त्वाची प्रकरणे घडली आणि त्या दोन्हींचे कर्ते घरात मराठी बोलणारे होते. पहिले माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांची कर्मभूमी आणि अखेरची वसती रायपूर. दुसरे गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) यांनी आयुष्याची शेवटची सहा वर्षे राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन केले. भिलाईशी या दोघांपैकी कोणाचाही घरोबा नव्हता. सप्र्यांच्या काळात तेथे पोलाद कारखाना नव्हता. मुक्तिबोध १९५८ साली राजनांदगावला आले तेव्हा त्याची उभारणी चालू होती आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तथापि या दोघांनी आपापल्या परीने जो प्रश्न हाताळला तो भिलाईच्या इतिहासात पुढे अत्यंत उघड्या स्वरूपात उभा राहिला.

तो प्रश्न असा : 'मी कोण' याचा शोध घेणाऱ्या मनुष्याने आपल्यासमोर घडणाऱ्या हिंसेला काय उत्तर द्यावे? आत्मशोध त्याला हिंसेपासून दूर नेतो, हिंसेच्या समोर उभा करतो, की स्वतःच्याच आत दडलेला हिंसेचा वाटा त्याला दाखवून देतो? अद्वैत परंपरेत हा प्रश्न नवा नाही. गीतेची रचनाच त्यावर उभी आहे. परंतु वसाहतकालीन राजद्रोहाचा खटला, वृत्तपत्र, भाषांतर आणि नंतरच्या काळातील औद्योगिक नगर या आधुनिक संस्थांच्या चौकटीत तो आला तेव्हा त्याचे रूप पालटले. ते रूप तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. सप्र्यांपासून मुक्तिबोधांपर्यंत प्रभावाची सरळ रेषा काढणे येथे अभिप्रेत नाही. एकाच भाषिक वारशाचे दोन लेखक एकाच समस्येला दोन विरुद्ध टोकांकडून कसे भिडले, हे पाहणे तौलनिक दृष्ट्या अधिक फलदायी ठरेल.

२. अद्वैताचे दोन विनियोग

अद्वैत आणि हिंसा यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्मा मारत नाही आणि मारलाही जात नाही, असा विचार येतो. हा विचार मूळ संदर्भातून वेगळा काढला तर हिंसेचे वजनच नाहीसे होते. मारणारा खरा नाही, मरणाराही खरा नाही, मग शोक कशाचा आणि जबाबदारी कोणाची? याच्या उलट, सहाव्या अध्यायात आत्मौपम्याचा विचार येतो. जो इतरांचे सुखदुःख आपल्यावरून जाणतो तो श्रेष्ठ योगी, असे तेथे प्रतिपादन आहे. येथे ऐक्याचा तोच सिद्धान्त हिंसेचे वजन शतपटीने वाढवतो, कारण दुसऱ्यावर केलेला प्रहार आपल्यावरच केलेला ठरतो. तत्त्व एक असून त्याचे दोन विनियोग परस्परविरुद्ध दिशांना जातात. एक हलके करणारा, तर दुसरा जड करणारा.

मराठी संतपरंपरेने प्रायः दुसऱ्या विनियोगाची बाजू घेतली. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विस्तृत विवेचन येते. ते गीतेनेच मांडलेल्या ज्ञानलक्षणांच्या यादीत येते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. अहिंसा हे तेथे ज्ञानाच्या आधी पाळावयाचे नुसते पथ्य नाही. ज्ञान झाले आहे की नाही हे ओळखण्याची ती खूण आहे. ज्याला ऐक्य कळले त्याच्या चालण्याबोलण्यात, पाहण्यात, हाताच्या हालचालीत ते दिसले पाहिजे, असा ज्ञानेश्वरांचा रोख आहे. त्याच ग्रंथाच्या समारोपातील पसायदानात दुष्टांच्या नाशाची मागणी नाही, त्यांचा वाकडेपणा जावा ही मागणी आहे. शत्रू आणि शत्रुत्व यांत केलेला हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो.

रामदासांच्या दासबोधात हा वारसा आणखी एका दिशेने विस्तारला. वीस दशक आणि दोनशे समासांच्या या ग्रंथात ज्ञान म्हणजे आत्मज्ञान, अशी निःसंदिग्ध व्याख्या पाचव्या दशकात येते. सहावे दशक देवाचा शोध कसा घ्यावा हे सांगते. आणि अकराव्या व एकोणिसाव्या दशकांत राजकारणाचे निरूपण आहे. प्रपंच नेटका करून मग परमार्थविवेक साधावा, अशी त्यांची क्रमव्यवस्था आहे. आत्मविचार आणि लोकव्यवहार एकाच ग्रंथाच्या दोन पानांवर असू शकतात, हा विश्वास दासबोधाने मराठी वाचकाला दिला. सप्र्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वळणावर हाच ग्रंथ त्यांच्या हाती होता.

३. एका टोपलीचे वजन

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. शिक्षणाचा बराच भाग बिलासपूर व रायपूर येथे पार पडला. छत्तीसगडात मराठी भाषा भोसल्यांच्या कारभाराबरोबर रुजली होती. १७४१ मधील भास्करपंतांची रतनपूरवरील स्वारी आणि १७५८ पासूनचा बिंबाजी भोसल्यांचा अंमल यांनंतर कारकुनी, पौरोहित्य व शिक्षण या व्यवसायांत मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. अशा कुटुंबांतील तरुण इंग्रजी राजवटीत हिंदी सार्वजनिक जीवनाचे वाहक बनले. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून निघालेल्या 'छत्तीसगढ़ मित्र' या मासिकाशी निगडित तीन प्रमुख नावे पाहिली तरी हे स्पष्ट होते : माधवराव सप्रे, रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे. हे मासिक तीन वर्षे चालले.

याच मासिकात एप्रिल १९०१ मध्ये सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिल्या लघुकथांमध्ये तिची गणना होते आणि 'पहिली कोणती' या वादात तिचे नाव नेहमी घेतले जाते. हा वाद इतका चालला की कथेच्या आशयाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे आहे; आड येते ती एका विधवेची झोपडी. तिचा पती आणि एकुलता मुलगा तेथेच वारलेले आहेत. सूनही एक लहान मुलगी मागे ठेवून गेली आहे. जमीनदार वकिलांचे खिसे गरम करून न्यायालयामार्फत झोपडीचा ताबा मिळवतो. पुढे एके दिवशी ती म्हातारी टोपली घेऊन येते. नात घर सुटल्यापासून जेवत नाही, म्हणून जुन्या घराच्या मातीची चूल करावी, एवढीच तिची मागणी. परवानगी मिळते. माती भरून झाल्यावर ती जमीनदारालाच टोपलीला हात लावण्याची विनंती करते. त्याला ती उचलत नाही. तेव्हा ती म्हणते त्याचा आशय असा, की एक टोपली उचलवत नाही तर या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहणार? जमीनदार खजील होतो आणि झोपडी परत करतो.

या कथेतील हिंसा कायदेशीर आहे. कोणी कोणाला मारत नाही. कागद आणि निकाल यांच्या बळावर एक कुटुंब बेघर होते. प्रत्युत्तरही दंडशक्तीचे नाही. म्हातारी शाप देत नाही, तत्त्वज्ञान सांगत नाही. ती अन्याय करणाऱ्याच्या हाताला अन्यायाचे वजन लावून दाखवते. आत्मविचार येथे पीडिताकडून अपेक्षिलेला नाही. तो पीडकाच्या ठायी घडवून आणला आहे, आणि तोही शरीराच्या द्वारा. वर उल्लेखिलेला जड करणारा विनियोग तो हाच. पसायदानातील वाकडेपणा जाण्याची अपेक्षा सप्र्यांनी एका खेड्यातील अंगणात, मातीच्या टोपलीपाशी आणून ठेवली, असे म्हणता येईल.

कथेची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. सर्व काही एका माणसाच्या अंतःकरणावर अवलंबून आहे. त्याला लाज वाटली नसती तर? न्यायालयाचा निकाल तर त्याच्या बाजूने होताच. हा प्रश्न कथा विचारत नाही. सात वर्षांनी तो सप्र्यांच्या आयुष्याने विचारला.

४. १९०८ : माफी आणि मौन

१३ एप्रिल १९०७ रोजी सप्र्यांनी नागपूरहून 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक सुरू केले. टिळकांच्या 'केसरी'तील विचार हिंदी वाचकांपर्यंत नेणे हा त्याचा जाहीर हेतू होता. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब फेकला गेला आणि दोन इंग्रज स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. 'केसरी'ने १२ मे आणि ९ जून रोजी लिहिलेल्या अग्रलेखांबद्दल टिळकांना २४ जूनला अटक झाली. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. टिळकांच्या भूमिकेत दोन सूत्रे होती : बाँबचा मार्ग हितावह नाही, मात्र दडपशाही हे त्याचे मूळ असून अधिक दडपशाही हा त्यावरील टिकाऊ उपाय नव्हे. सरकारने दुसरे सूत्र हिंसेचे समर्थन मानले. २२ ऑगस्ट १९०८ रोजी सप्र्यांनाही राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. नागपूरच्या 'देशसेवक'चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर हेही त्याच वेळी पकडले गेले.

सप्र्यांनी माफी मागितली आणि त्यांची सुटका झाली. वडील बंधूंचा टोकाचा आग्रह आणि कुटुंबावरील संकट ही त्यामागील कारणे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहेत. परंतु कारणांनी कृत्य पुसले जात नाही, याची जाणीव सर्वांत तीव्रपणे खुद्द सप्र्यांनाच होती. ज्या पत्राने निर्भयतेचा पुरस्कार केला त्याच्या संपादकाने माफीपत्र लिहावे, ही विसंगती त्यांनी युक्तिवादाने झाकली नाही. ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. वर्धा जिल्ह्यातील हनुमानगड येथे श्रीधर विष्णू परांजपे या रामदासी सत्पुरुषांच्या सान्निध्यात त्यांनी दासबोधाचे अध्ययन केले आणि काही काळ माधुकरीवर निर्वाह केला.

या घटनेचे दोन प्रचलित अर्थ आहेत. एक, राजकारणात हार पत्करलेला मनुष्य अध्यात्माकडे पळाला. दुसरा, ती निव्वळ प्रायश्चित्ताची आणि तपाची उज्ज्वल कथा होय. दोन्ही अर्थ अपुरे आहेत. पहिला अर्थ पुढील अठरा वर्षांचे कार्य विचारात घेत नाही. दुसरा अर्थ माफीची बोच बोथट करतो. एक तिसरी शक्यता लक्षात घ्यावयास हवी. शासनाच्या हिंसेपुढे आपल्यातील कोणती गोष्ट वाकली, हे सप्र्यांना समजून घ्यावयाचे होते. भय कोणाला वाटले? देहाला, कुटुंबप्रमुखाला, की संपादकाला? 'मी' म्हणून ज्याने निर्भयतेचे लेख लिहिले आणि 'मी' म्हणून ज्याने माफीवर सही केली, ते दोघे एकच होते काय? वेदान्तातील 'कोऽहम्' हा प्रश्न अशा प्रसंगी तात्त्विक राहत नाही, तो चौकशीचा प्रश्न बनतो. पोलिसांनी विचारलेल्या प्रश्नाहून तो कठोर असतो, कारण येथे माफीची सोय नसते.

सप्र्यांनी या प्रश्नाचे उत्तर आत्मचरित्रातून दिले नाही. त्यांनी भाषांतर केले.

५. भाषांतर : आत्मशोधाची एक शिस्त

दासबोधाचा हिंदी अनुवाद हे या काळाचे पहिले मोठे फळ. त्यानंतर टिळकांचे 'गीतारहस्य'. मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात लिहिलेला हा ग्रंथ टिळकांच्या सुटकेनंतर जून १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अल्पावधीतच सप्र्यांचा हिंदी अनुवाद निघाला. पुढे चिंतामण विनायक वैद्यांच्या महाभारतविषयक मराठी ग्रंथाचा 'महाभारत-मीमांसा' हा अनुवाद १९२० साली प्रकाशित झाला. या तीन ग्रंथांचा क्रम सहेतुक वाटावा असा आहे : प्रथम आत्मविवेकाचा ग्रंथ, मग कर्माचा, शेवटी युद्धकथेच्या इतिहासाचा.

यांपैकी गीतारहस्याचा अनुवाद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. टिळकांच्या खटल्याशी जो मनुष्य पत्रकार म्हणून जोडला गेला आणि त्या परीक्षेत स्वतःच्या मते अनुत्तीर्ण झाला, तोच त्या खटल्याच्या शिक्षेत लिहिलेल्या ग्रंथाचा अनुवादक झाला. एकाने शिक्षा भोगून लिहिले. दुसऱ्याने शिक्षा टाळून ते दुसऱ्या भाषेत पुन्हा लिहिले. अनुवादकाला मूळ लेखकाचे प्रत्येक वाक्य आपल्या तोंडून उच्चारावे लागते. निर्भयतेचे, कर्तव्याचे, फलाशात्यागाचे प्रत्येक वाक्य सप्र्यांना स्वतःच्या हिंदीत उच्चारावे लागले. ज्याने ते वाक्य एकदा गमावले आहे त्याच्यासाठी हे काम केवळ वाङ्मयसेवा राहत नाही.

गीतारहस्यात टिळकांनी अद्वैत वेदान्ताचा पारमार्थिक सिद्धान्त स्वीकारला आहे. मात्र ज्ञानोत्तर कर्मसंन्यास हा त्यावरून निघणारा निष्कर्ष नाकारला आहे. 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात अहिंसा व आततायीचा प्रतिकार यांतील धर्मसंकटाची चर्चा आहे. 'सिद्धावस्था व व्यवहार' या बाराव्या प्रकरणात ती अधिक सूक्ष्म होते. सर्व माणसे स्थितप्रज्ञ असती तर नीतीचे नियम एका प्रकारचे असते. प्रत्यक्षात स्थितप्रज्ञाला अपूर्ण माणसांच्या समाजात वागावयाचे असते. म्हणून 'निर्वैर' या शब्दाचा अर्थ टिळक 'वैरबुद्धी नसलेला' असा करतात, 'प्रतिकार न करणारा' असा नाही. प्रतिकार करावा, परंतु वैराने नव्हे. आत्मौपम्य हा बुद्धीचा धर्म आहे. बाह्य कर्माचे रूप प्रसंगानुसार ठरेल.

टिळकांनी अद्वैताच्या पहिल्या, हलके करणाऱ्या विनियोगाचा धोका ओळखला होता. आत्मा मरत नाही म्हणून मारणे क्षम्य, असा सोपा युक्तिवाद ते करीत नाहीत. ते सगळा भार कर्त्याच्या बुद्धीच्या शुद्धतेवर टाकतात. परंतु येथेच एक फट राहते. कर्त्याची बुद्धी शुद्ध आहे हे कोणी ठरवायचे? कर्ता स्वतःच साक्षी आणि स्वतःच न्यायाधीश असेल तर आत्मवंचनेची वाट खुली राहते. जानेवारी १९२० मध्ये 'यंग इंडिया'च्या पानांवर टिळक आणि गांधी यांच्यात जो लहानसा पण मूलगामी वाद झाला तो याच फटीवर बोट ठेवतो. राजकारण हे साधूंचे क्षेत्र नव्हे आणि शठाशी वागण्याची रीत वेगळी, अशी टिळकांची बाजू होती. शठाशीही सत्यानेच वागले पाहिजे, ही गांधींची. गांधींच्या मते साधन शुद्ध ठेवणे हीच बुद्धी शुद्ध असल्याची एकमेव बाह्य कसोटी होती. ज्ञानेश्वरांनी अहिंसा ही ज्ञानाची खूण मानली होती. गांधींचा युक्तिवाद या मराठी सूत्राला अनपेक्षितपणे जवळचा आहे.

त्याच जानेवारी महिन्यात, १७ तारखेला, जबलपूरहून 'कर्मवीर' साप्ताहिक निघाले. माखनलाल चतुर्वेदी त्याचे संपादक आणि सप्रे त्यामागील प्रेरणास्थान. 'कर्मवीर'ने असहकाराच्या चळवळीचा हिरिरीने पुरस्कार केला. गीतारहस्याचा अनुवादक आणि असहकाराचा पुरस्कर्ता या दोन भूमिकांत सप्र्यांना विरोध जाणवला नाही. याचे एक कारण असे संभवते, की त्यांच्या दृष्टीने मुख्य प्रश्न 'प्रतिकार हिंसक की अहिंसक' एवढाच नव्हता. प्रतिकार करणारा भयातून मुक्त आहे काय, हा होता. १९०८ ने त्यांना शिकवलेली गोष्ट ती हीच. तुरुंगात जाण्याची तयारी हा असहकाराचा पाया होता. ज्या ठिकाणी त्यांचे पाऊल घसरले होते नेमक्या त्या ठिकाणी एक पिढी उभी राहत होती. चतुर्वेदी १९२१ मध्ये बिलासपूरच्या तुरुंगात गेले. सप्रे स्वतः नेतृत्वाच्या पहिल्या रांगेत परतले नाहीत. १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले.

६. विहिरीतील ज्ञानी आणि रक्त गळणारा पुतळा

सप्र्यांच्या निधनानंतर बत्तीस वर्षांनी मुक्तिबोध राजनांदगावला आले. त्यांचेही मातृभाषेशी नाते घट्ट होते. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील मान्यवर कवी व समीक्षक. गजानन माधवांनी मात्र हिंदीचा अंगीकार केला. नागपुरातील दशकभराच्या वास्तव्यात 'नया खून' या साप्ताहिकासाठी लिहिताना कामगारांचे लढे त्यांनी जवळून पाहिले होते. १९६२ मध्ये त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. शासनसंस्थेचा अनुभव त्यांनाही पुस्तकाच्या द्वारेच आला.

मुक्तिबोध मार्क्सवादी होते; त्यांना अद्वैती म्हणणे ओढूनताणून होईल. परंतु आत्मशोध ही त्यांच्या काव्याची मूळ प्रक्रिया आहे आणि तिची परिभाषा पुष्कळदा वेदान्ताच्या घरातून आलेली आहे. 'ब्रह्मराक्षस' या कवितेत ओसाड बारवेच्या खोल पाण्यात एक ज्ञानी अडकून पडला आहे. तो मंत्र म्हणतो, सर्व तत्त्वज्ञानांची नवनवी भाष्ये करतो आणि अंगावरचा मळ जावा म्हणून अखंड अंग घासत राहतो. मळ जात नाही. आत्मशुद्धीचा ध्यास तेथे आहे, बुद्धीची झेप आहे, परंतु हे सारे बारवेच्या भिंतींवर आदळून परत येते. ज्ञान दुसऱ्या कोणापर्यंत पोचत नाही, म्हणून ज्ञानीही सुटत नाही. तरीही कवी त्याचा उपहास करीत नाही. त्याचे अपुरे काम पुढे नेणारा शिष्य होण्याची इच्छा कवितेच्या शेवटी व्यक्त होते. टिळकांच्या विवेचनात राहिलेली फट, म्हणजे कर्त्याने स्वतःच स्वतःची शुद्धता तपासणे, येथे एका भयप्रद प्रतिमेत साकार झाली आहे.

मुक्तिबोधांच्या मृत्यूनंतर १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेली 'अँधेरे में' ही दीर्घ कविता हिंसेच्या प्रश्नाला थेट भिडते. मध्यरात्री शहरातून एक मिरवणूक जाते. तीत बँड आहे, संगिनी आहेत, सेनाधिकारी आहेत. आणि त्यांच्याच ओळीत समीक्षक, कवी, उद्योगपती, मंत्री आणि शहरातील कुप्रसिद्ध मारेकरीही चालत आहेत. निवेदकाने हे पाहिले, एवढाच त्याचा गुन्हा. लष्करी कायदा लागू होतो, गोळीबार होतो, त्याला पकडून त्याच्या मेंदूची झडती घेतली जाते. दरम्यान एक रक्तस्नात तेजस्वी पुरुष त्याला पुनःपुन्हा दिसतो आणि निसटतो. तो त्याचीच गमावलेली परम अभिव्यक्ती आहे. आत्म्याचा शोध आणि हिंसेचे दर्शन या कवितेत दोन स्वतंत्र घटना नाहीत. ज्या अंधारात मिरवणूक दिसते त्याच अंधारात 'मी'ही दिसतो.

प्रस्तुत संदर्भात या कवितेतील दोन प्रतिमा विशेष लक्षणीय आहेत. एका चौकात टिळकांचा दगडी पुतळा आहे. त्याच्या नाकातून रक्त गळू लागते. पुढे अंधारात गांधी भेटतात आणि निवेदकाच्या हाती एक तान्हे मूल सोपवतात. ते मूल खांद्यावर असतानाच सूर्यफुलांचे घोस होते आणि नंतर बंदूक. १९०८ च्या अग्रलेखांपासून १९२० च्या वादापर्यंतचा सारा इतिहास या दोन प्रतिमांत जणू घनीभूत झाला आहे. टिळकांचे तत्त्व दगडाचे झाले असले तरी त्यातून अद्याप रक्त वाहते. गांधींचा वारसा निष्पाप आहे, परंतु तो वाहणाऱ्याच्या खांद्यावर त्याचे रूप बदलते. शठाशी कसे वागावे या वादाचा निकाल मुक्तिबोध देत नाहीत. तो वाद ज्याच्या खांद्यावर आला त्या सामान्य, भ्यालेल्या, सुशिक्षित माणसाची अवस्था ते दाखवतात. आपण काहीच केले नाही ही त्याची खंत आहे. सप्र्यांनी सही केली होती. मुक्तिबोधांच्या निवेदकाने सहीसुद्धा केलेली नाही, त्याने केवळ पाहिले आणि तो गप्प राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अपराध अशा नकारात्मक स्वरूपाचा आहे.

दासबोधाच्या वारशाबाबतही दोघांत अंतर आहे. १९५५ मधील भक्ती आंदोलनावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात मुक्तिबोधांनी निम्नजातीय संतांनी सुरू केलेल्या चळवळीवर उच्चवर्णीयांनी पुढे कसा ताबा मिळवला, याची मीमांसा केली. सर्वांभूती एक तत्त्व आहे, हे विधान वर्णव्यवस्थेशी सुखाने नांदू शकते, हा त्या मीमांसेचा निष्कर्षवजा इशारा अद्वैताच्या प्रत्येक अभ्यासकाने ऐकण्यासारखा आहे. छत्तीसगडात त्याला वेगळे वजन येते. गुरू घासीदासांच्या सतनामी पंथाने याच भूमीवर माणसामाणसांतील समतेचा आग्रह एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धरला होता. ऐक्याचे तत्त्व तेथे ग्रंथातून खाली आले नाही. अस्पृश्यतेची हिंसा सोसणाऱ्यांच्या तोंडून ते प्रथम उच्चारले गेले.

७. भिलाई : प्रश्नाचे तिसरे रूप

रायपूर आणि राजनांदगाव यांच्या मध्ये भिलाई उभी राहिली ती २ फेब्रुवारी १९५५ च्या भारत–सोव्हिएत करारातून. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली. विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांचाही त्यांत समावेश होता. एका नियोजित नगरात भाषा, प्रांत आणि जात यांचे भेद मावळतील, ही स्वातंत्र्योत्तर भारताची एक ऐहिक अद्वैतकल्पनाच होती. कायम कामगार आणि ठेकेदारी कामगार यांच्यातील भेदाने तिला लवकरच तडा दिला. शंकर गुहा नियोगी यांनी दल्ली राजहराच्या लोहखाणींत संघटित केलेली चळवळ १९९० नंतर भिलाईच्या खाजगी कारखान्यांत पोचली. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतील राहत्या घरी झोपेत असताना त्यांची गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत रेल्वेमार्गावर ठाण मांडून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात सोळा कामगार मरण पावले. हत्येचा खटला दीर्घकाळ चालला आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयात केवळ प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्याचा दोष कायम राहिला.

सप्र्यांची कथा येथे आणून पाहिली तर तिची मर्यादा उघड होते. टोपलीला हात लावण्यास सांगावे असा एकच एक जमीनदार येथे नाही. ठेकेदार, व्यवस्थापन, पोलीस, प्रशासन आणि न्यायालय यांत जबाबदारी इतकी वाटली गेली आहे की प्रत्येकाच्या वाट्याला हलकीशी मूठभर मातीच येते. गोळी झाडणारा सापडतो. वजन मात्र कोणालाच जाणवत नाही. मुक्तिबोधांची मिरवणूक याच वाटल्या गेलेल्या जबाबदारीचे चित्र आहे.

परंतु म्हणून सप्र्यांची टोपली निरर्थक ठरते, असे नाही. नियोगींच्या संघटनेने 'संघर्ष आणि निर्माण' ही दोन सूत्रे एकत्र बांधली होती; दल्ली राजहरा येथे १९८३ साली कामगारांच्या पैशातून आणि श्रमातून उभे राहिलेले शहीद रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण. १९७७ च्या गोळीबारात मेलेल्यांच्या स्मरणार्थ दवाखाना बांधणे, हे हिंसेला दिलेले उत्तर आहे. त्यात वैर नाही, विस्मरणही नाही. या चळवळीने अद्वैताची परिभाषा वापरली नाही आणि तिच्यावर ती लादण्याचे कारणही नाही. मात्र 'वैरबुद्धीविना प्रतिकार' हे गीतारहस्यातील सूत्र आणि 'शुद्ध साधन' ही गांधींची कसोटी यांच्यातील ताण कृतीच्या पातळीवर कसा सांभाळता येतो, याचे उदाहरण म्हणून तिच्याकडे पाहता येते.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अद्वैत तत्त्व स्वतः हिंसेच्या बाजूने वा विरोधात नसते; ते दुसऱ्याचे दुःख हलके करण्यासाठी वापरले आहे की जड करण्यासाठी, यावर त्याचे नैतिक मूल्य ठरते. दुसरी, आत्मशोधाचे खरेपण त्याच्या प्रारंभबिंदूवरून ओळखता येते. सप्रे आणि मुक्तिबोध या दोघांनीही आरंभ इतरांच्या दोषापासून केला नाही. एकाने आपल्या माफीपासून, दुसऱ्याने आपल्या मौनापासून केला. तिसरी, आत्मशोध बारवेतून बाहेर यावयाचा असेल तर त्याला दुसऱ्यापर्यंत पोचणारे माध्यम लागते. सप्र्यांना ते भाषांतरात सापडले, मुक्तिबोधांना दीर्घ कवितेत.

तौलनिक साहित्याच्या दृष्टीने आणखी एक सूचना करता येईल. मराठी वाङ्मयेतिहास या दोन्ही लेखकांना 'हिंदीचे' म्हणून सोडून देतो. हिंदी वाङ्मयेतिहास त्यांच्या मराठी वारशाची नोंद चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात करून पुढे जातो. दासबोध, गीतारहस्य आणि टिळकांचा रक्त गळणारा पुतळा ही एकाच चर्चेची अंगे आहेत आणि ती चर्चा दोन भाषांत मिळूनच वाचता येते. या दृष्टीने छत्तीसगड हा मराठीचा सीमान्त प्रदेश राहत नाही. मराठी विचाराने दुसऱ्या भाषेत स्वतःची परीक्षा दिली ती याच प्रदेशात, आणि त्या परीक्षेतील काही प्रश्न भिलाईने अद्याप खुले ठेवले आहेत.